डिस्क एकवर ठेवलेलं बोट

दाजी, परवा तुमचं तेरावं झालं आणि काल भर दुपारी मी तुमच्यावर ओरडले. दौंडला, तुमच्याच दुकानात, तुमच्याच खुर्चीत बसून, समोर चिटपाखरू नसताना. शेजारचा झेरॉक्सवाला पळत आला. "काय झालं, करंट बसला का?" मी म्हटलं, व्हय, बसला. तो बिचारा मेन स्विच बंद करून गेला आणि परत चालू करायला मलाच उठावं लागलं.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी तुमच्याबद्दल बोलतच नाहीये, तुमच्याशी बोलतेय. आणि तुमच्याशी मी गोड कधी बोलले होते? दाजी-मेहुणीचं नातंच टोमण्यांचं. तुम्ही माझ्या थोरल्या बहिणीचे नवरे, म्हणून तोंडातून 'तुम्ही' येतंय. आईनं लावलेलं वळण आहे, जात नाही. आतून मात्र अरे-तुरे चाललंय, तेवढं ऐकून घ्या.

दहाव्याला भीमेच्या घाटावर सगळे होते. पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, समाधानी माणूस, काही मागं ठेवून गेला नाही. मीही मान हलवली. पदरानं डोळेसुद्धा पुसले. तेव्हा मला ठाऊक असतं तर त्या कावळ्याला मी दगड मारून हाकललं असतं.

तेराव्याची माणसं पांगल्यावर ताईनं मला बाजूला घेतलं. सहा वर्षांत ती माझ्याशी धड दहा वाक्यं बोललेली नव्हती. म्हणाली, "दुकान दुसऱ्याला देयाचं हाय. त्या मोठ्या मशिनमधलं आपलं काय असल ते काढून घे आन् बाकी समदं पुसून दे. दुसऱ्या कुणाला कळतंय त्यातलं?" मी बरं म्हटलं. ती दोन पावलं गेली, आणि मागं वळून म्हणाली, "आन् ह्या टायमाला नीट बघून पूस."

तिनं काही मुद्दाम टोचलं नाही. तिला तसंच वाटतं. सहा वर्षं तिला तसंच वाटत आलंय, कारण तुम्ही तसं वाटू दिलंत.

मी बारावीला नापास होऊन वडगाव रासाईला घरी बसले होते, आठवतंय? आप्पा स्थळं बघायला लागले होते. तुम्ही ताईला माहेरी सोडायला आला होतात. मी ओसरीवर रेडिओ खोलून बसलेली. तुम्ही बराच वेळ नुसतं बघितलंत आणि आप्पांना म्हणालात, "आप्पा, हिला दोन वरसं माझ्याकडं धाडा. हिला उघडून बघायची खोड हाय. ही खोड वाया घालवू नका." आप्पा हसले. आमच्या घरात मुलीच्या खोडीला कुणी कामाची वस्तू म्हटलं नव्हतं. हे उपकार मी विसरलेली नाही, आणि म्हणूनच राग मावत नाहीये.

दुकानातल्या पहिल्या दिवशी तुम्ही माझ्या हातावर एक जुनी हार्डडिस्क ठेवलीत. "हे रान हाय असं समज. एकच सलग रान. मधी बांध घातलं की त्याचं तुकडं झालं, त्याला पार्टिशन म्हणायचं. आता तुमच्या रानाला नावं किती?" मी म्हटलं, सातबाऱ्यावर गट नंबर आहे आणि घरात आम्ही त्याला विहिरीकडचं म्हणतो. "बास. हितं बी तेच. तलाठ्याचा नंबर येगळा, घरातलं नाव येगळं, आन् रान ते रान."

मग तुम्ही दाखवलंत. सी, डी, ई ही घरातली नावं. विंडोज ती चिकटवतं. तीच डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की डी म्हणून मिरवणारा तुकडा तिथं एफ होऊन बसतो, आतली सगळी माहिती जागच्या जागी असते. विंडोजऐवजी लिनक्स वापरणाऱ्यांची रीत निराळी. ते पहिल्या डिस्कला एसडीए म्हणणार, दुसरीला एसडीबी, आणि तुकड्यांना पुढं एक, दोन, तीन असे आकडे लावणार. विंडोज डिस्क मोजतं ती शून्यापासून आणि त्याच डिस्कवरचे तुकडे मोजतं एकापासून. मी वैतागले होते. एकाच घरात दोन पाढे कसे? तुम्ही म्हणालात, "दोन गवंड्यांनी बांधलेलं घर हाय. दोघं बी मेलं, आता भांडणार कुणाशी?" आपण मात्र भांडलो. शून्य खरं की एक खरं, यावर आपण चहा गार होईस्तोवर भांडायचो आणि ताई घरून डबा घेऊन आली की दोघांनाही झापायची.

दुसरं भांडण ए आणि बीचं. मी विचारलं होतं, सीपासूनच सुरुवात का? तुम्ही म्हणालात, ए आणि बी फ्लॉपीची अक्षरं. फ्लॉपी गेल्या, पण त्यांची जागा राखून ठेवलेली आहे. मी शोधून काढलं की हल्ली विंडोज ए द्यायलाही तयार असतं, यादीत सरळ दिसतं. तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला. "देत असल. आपल्या दुकानात देयाचं न्हाई. थोरलं माणूस गेलं म्हणून त्याच्या पाटावर कुणी बसतं व्हय?" मी त्याला तुमचं सोवळं म्हणायची. ते तुम्ही शेवटपर्यंत पाळलंत. पाळायचं ते सोडून नको ते पाळलंत, दाजी.

कारण खरा नियम वेगळाच होता, आणि तोही तुमचाच. "नंबरावर जायाचं न्हाई," तुम्ही दिवसातून तीनदा म्हणायचात. "नंबर म्हंजी रांगेतला नंबर. मशीन बंद करून चालू केली की जी डिस्क आधी जागी व्हईल ती आधी. सकाळची एक दुपारी दोन व्हती. पुसायच्या आधी माप बघायचं. रानाचं माप बदलत न्हाई."

म्हणून आपल्या दुकानात ती पद्धत होती. दुसरीकडं मी कुठं पाहिली नाही. डिस्क पुसायची असली की स्क्रीनवर तिच्या चौकटीवर बोट ठेवायचं. नंबर, अक्षर, माप, तिन्ही मोठ्यानं वाचायचं. मग दुकानाच्या मोबाईलवर बोटासकट फोटो काढायचा आणि नंतर एंटर. गिऱ्हाइकं हसायची. एक जण म्हणाला, दाजी, नारळ पण फोडा की. मी विचारलं होतं, फोटो ठीक, पण बोट कशाला? तुम्ही म्हणालात, "तोंडानं माणूस काय बी म्हणल. बोट खोटं बोलत न्हाई."

लोकांना सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण कुणावरून निघाली असेल, मला काल कळलं.

आता त्या दिवसाचं. तुम्हाला ठाऊक आहे, तरी सांगते. सहा वर्षं तुम्ही सांगितलेला तो दिवस सगळ्यांनी ऐकला, आता माझा ऐका.

भांडगावचे शूटिंगवाले मामा त्यांची डिस्क घेऊन आले होते. एक टीबीची, विंडोज जिला नऊशे एकतीस जीबी म्हणतं ती. आजूबाजूच्या गावांतली लग्नं, बारशी, यात्रा, सगळं त्यात. कुणी वारलं की घरचे मामांकडं जायचे, जुन्या शूटिंगमधून फ्लेक्ससाठी चेहरा काढून मागायचे. ताईच्या लग्नाचं शूटिंगही त्यातच होतं. आपल्या घरच्या सीडीला बुरशी लागून ती केव्हाच गेलेली. आप्पांना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं, आणि चालते-बोलते आप्पा जगात फक्त त्या एका डिस्कवर उरले होते. माईक हातात धरून म्हणतात, "वडगावकर, कुणी उपाशी जायाचं न्हाई!" आणि माईक किंचाळतो तसे दचकून स्वतःच हसतात. पाठवणीला टोपी काढून तिनंच डोळे पुसतात. मामा म्हणाले होते, नव्या डिस्कवर कॉपी करताना आधी हेच घ्या. नवी डिस्क शिरूरच्या डीलरकडं आलेली होती. ती आणायला मी जाणार होते.

टेबलावरच्या मशीनला मामांची डिस्क लावलेली होती आणि शेजारी एका गिऱ्हाइकाची जुनी, अर्ध्या टीबीची. ती पुसून परत द्यायची होती, पण त्याचा 'पुसा' म्हणून फोन यायचा बाकी होता. मी निघायच्या आधी पद्धतशीर केलं. बोट ठेवलं. "डिस्क एक, अक्षर जी, चारशे पासष्ट." फोटो काढला. मॉनिटरवर तुमच्यासाठी चिठ्ठी लावली, फोन आला की डिस्क एक पुसायची, आणि शिरूरची एसटी पकडली.

संध्याकाळी सहाला नवी डिस्क पिशवीत घेऊन आले तर दुकानात तुम्ही खाली मान घालून आणि मामा कपाळाला हात लावून. स्क्रीनवर नऊशे एकतीस जीबी रिकामी. नुसती पुसलेली नाही, सगळीवर शून्यं लिहून पुसलेली, म्हणजे परत काही काढायची सोय नाही. त्याला तीन-तीन तास लागतात, दाजी. अर्ध्या टीबीला एवढा वेळ का लागतोय, हे तुम्हाला मध्ये एकदाही वाटलं नाही? जेवायला गेला होतात ना? जेवण गोड लागलं का?

तुम्ही मामांना म्हणालात, "चिठ्ठीवर तिनं एक लिवलं व्हतं. मी तिच्या भरवशावर गेलो." यातला शब्दन् शब्द खरा. हीच तर तुमची कमाल. मी म्हटलं, माझा फोटो बघा. मोबाईल बघितला, फोटो नव्हता. तुम्ही म्हणालात, घाईत राहिला असल. मी विचारलं, तुमचा फोटो? "मी न्हाई काढला. तुझी चिठ्ठी व्हती की." मी विचारलं, मध्ये लाईट गेली होती का, मशीन बंद पडली होती का? तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत. म्हणालात, "लाईट गेली व्हती. मशीन यूपीएसवर चालूच ऱ्हायली."

मग उरलं कोण? मी. मामा उठता उठता म्हणाले, "पोरीच्या हातात मशीन दिली तवाच माझं चुकलं." ज्यांना तुम्ही सांगायचात, माझ्यापेक्षा हिचा हात हलका हाय, तेच हे मामा. तुम्ही तेव्हाही तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात.

आणि ताई. ती आरडाओरडा करेल असं वाटलं होतं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "आप्पाला एकदा आपण जाळलं. आन् तू पुसलं." त्यानंतर मी तुमच्या दुकानाची पायरी चढले नाही. शिरूरला एक गाळा बघितला आणि आपलं आपलं सुरू केलं.

तुम्हाला माहीत आहे का, मी स्वतःवर किती वर्षं संशय घेतला? तो फोटो काढल्याचं मला डोळ्यांसमोर दिसायचं, आणि तरी मी स्वतःला सांगायची की नसेल काढला, मनानं रचतेयस. आकडा उलटा वाचला असशील. अजूनही कुणाची डिस्क पुसायच्या आधी मी तीन वेळा वाचते आणि एंटरवरून बोट मागं घेऊन चौथ्यांदा वाचते. गिऱ्हाईक म्हणतं, मॅडम लय काळजी घेतात. काळजी नाही ती.

वर तुमचे फोन. सहा वर्षं, महिन्या-दोन महिन्यांनी. "वैशाली, लिनक्समधी डिस्कचा शिरियल नंबर कसा बघायचा गं?" जे मला तुम्हीच शिकवलं ते मला विचारायचात. मी तुसडेपणानं सांगायची. सांगून झालं तरी तुम्ही फोन ठेवायचा नाहीत. मागं दौंड स्टेशनची घोषणा ऐकू यायची, म्हणजे तुम्ही दुकानाबाहेर येऊन उभे असायचात. मग "बरं, जेवली का?" आणि बंद. ताकाला जाऊन भांडं लपवायची ही कुठली रीत? मला वाटायचं, दाजींना माझी आठवण येते. फोन ठेवल्यावर मी कधी कधी रडायची, तुमच्याशी तुसडं बोलले म्हणून. ती रडणी परत द्या माझी.

निमोण्याहून, भांडगावहून माणसं यायची शिरूरला. "दौंडच्या दाजींनी धाडलं. म्हणले माझी मेहुणी हाय, तिच्यासारखं काम जिल्ह्यात कुणी करत न्हाई." पहिल्या वर्षी माझं दुकान तुमच्या त्या गिऱ्हाइकांवर चाललं. हे खोटं नाही. मी देवापुढं हात जोडून म्हटलं होतं, एवढं नुकसान करूनही दाजींनी मनात ठेवलं नाही. एवढं नुकसान करूनही! माझ्या तोंडचे शब्द आहेत हे.

तर काल. तुमची मशीन उघडली. कागदपत्रं, भाच्यांचे शाळेचे दाखले, सगळं माझ्या पेनड्राइव्हवर घेतलं. मग पुसायला बसले, आणि पद्धत म्हणून डिस्कच्या चौकटी वाचायला लागले. डिस्क शून्य. पहिला तुकडा विंडोजचा स्वतःचा. मग सी. मग डी. आणि डीच्या पुढं, अगदी शेवटी, चार जीबीचा एक तुकडा. त्याला अक्षर नव्हतं.

अक्षर नसलेला तुकडा कॉम्प्युटर उघडणाऱ्याला दिसतच नाही. तो असतो, जागा धरून असतो, पण घरात त्याला नाव नाही म्हणून त्याला कुणी हाक मारत नाही. विंडोजचे स्वतःचे असे तुकडे असतात, पण त्यांची मापं मला पाठ आहेत. हा माणसानं काढलेला बांध होता. अक्षर द्यायला गेले तर यादी आली, आणि यादीत सगळ्यात वर ए. मी मुद्दाम ए दिलं. तुमच्या सोवळ्याला लाथ मारून दिलं.

आत दोन फोटो. फक्त दोन. एकाही ओळीची फाईल नाही, 'वैशाली' म्हणून एक शब्द नाही. तुकड्यालासुद्धा नाव दिलेलं नाही, मशीन आपोआप देते ते 'न्यू व्हॉल्यूम' तसंच.

पहिल्या फोटोत माझं बोट. डिस्क एक, चारशे पासष्ट. कोपऱ्यातल्या घड्याळात अकरा वाजून चाळीस. म्हणजे मी फोटो काढला होता. काढला होता, दाजी. मोबाईलमधून तो तुम्ही काढून घेतला होतात.

दुसऱ्या फोटोत तुमचं बोट. शटरमध्ये चेंगरलेलं, वाकड्या नखाचं. डिस्क एक. नऊशे एकतीस. दोन वाजून दहा. त्या वेळी मी शिरूरला डीलरच्या काउंटरवर उभी होते. म्हणजे मशीन बंद पडून परत चालू झाली होती आणि रांग बदलली होती. यूपीएस धाप टाकतोय, बॅटरी बदला, हे मी महिनाभर सांगत होते. म्हणजे तुम्ही बोटही ठेवलं होतं, फोटोही काढला होता. सगळं सोवळं पाळलं होतं आणि तुमच्या स्वतःच्या बोटाखाली लिहिलेलं माप तेवढं वाचलं नव्हतं. चूक कुणाकडूनही होते. माझ्याकडूनही झाली असती. त्याच संध्याकाळी म्हणाला असतात, वैशे, माझ्याकडून झालं, तर मी तुम्हाला शिव्या घातल्या असत्या, आपण तिघांनी बसून आप्पांसाठी रडलो असतो आणि दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडायला आले असते. एवढंच तर होतं.

तेव्हा मी ओरडले. आणि झेरॉक्सवाला आला.

तो गेल्यावर मी परत स्क्रीनसमोर बसले. ताईनं पुसूनच द्यायला सांगितलं होतं. एक एंटर मारला की संपलं. तिच्याकडं आता तुमचं चांगलं नाव सोडलं तर काय उरलंय? चौकातला फ्लेक्स अजून उतरलेला नाही. तेरा दिवसांच्या विधवेला जाऊन सांगायचं की तुझा नवरा सहा वर्षं खोटं बोलला? आणि नाही सांगितलं, तर आप्पांना पुसणारी म्हणून मीच मरेन. तुम्ही ते फोटो नष्टही केले नाहीत आणि दाखवलेही नाहीत. तुमच्या जिवाला झेपलं नाही ते ओझं माझ्या ओटीत टाकून तुम्ही निघून गेलात. याला काय म्हणायचं, मला सांगा.

मी ताईला फोन केला. म्हटलं, दुकानात ये.

ती आली, हातात माझ्यासाठी डबा होता. शेजारी बसवून तिला पहिला फोटो दाखवला, म्हटलं, हे माझं बोट. मग दुसरा. तिनं तो बघितला आणि हात पुढं केला. स्क्रीनवर तुमच्या नखावरून बोट फिरवलं. "ह्यांचं नख," म्हणाली आणि जी रडायला लागली ती थांबेना. तेरा दिवसांत ती एवढी रडली नव्हती. "मला ह्याचा फोटो काढून दे गं. त्यांच्या हाताचा एक बी फोटो न्हाई माझ्याकडं."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. माझ्या सहा वर्षांचा पुरावा समोर, आणि तिला दिसतंय काय, तर तुमचं नख! एक क्षण वाटलं, राहू दे. पण नाही राहवलं. मी म्हटलं, "ताई, बोट बाजूला ठेव. त्याच्या खालचं वाच."

तिनं डोळे पुसून एक एक आकडा वाचला. "नऊ. तीन. एक."

"आता माझ्या फोटोतलं."

"चार. सा. पाच."

तिनं दोन्ही फोटो परत बघितले. पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा. इतकी वर्षं डबा घेऊन येत होती, आपली भांडणं ऐकत होती. मी काही समजावायच्या आत तीच म्हणाली, "माप बदलत न्हाई, म्हणायचं ना ते?"

"व्हय."

"नऊशेवाली मामाची?"

"व्हय."

मग म्हणाली, "सा वरसं आप्पाच्या पित्राला तुला बोलावलं न्हाई मी. दर साली हे इचारायचं, वैशीला बोलवायचं का. मी म्हणायची, तिचं नाव काढू नगा. तर गप खाली मान घालून जेवायचं." आणि तिनं विचारलं, "मग घास कसा उतरत आसल गं त्यांचा?"

याचं उत्तर तुम्हीच द्या.

डिस्क आम्ही दोघींनी मिळून पुसली. दोन्ही फोटो आधी माझ्या मोबाईलवर घेतले. मग ताईनं स्क्रीनवर बोट ठेवलं, मी मोठ्यानं वाचलं, फोटो काढला आणि एंटर मारला. डब्यात मेथीची भाजी आणि भाकरी होती. आम्ही दोघींनी एकाच डब्यात खाल्लं. शटर ओढताना ती म्हणाली, "मामाकडं उद्या मी सोता जाते. आन् पुढल्या पित्राला आप्पाचं पान तूच वाढ."

वाढीन. तुमचंही पान असेल तेव्हा त्यांच्या शेजारी, तेही मीच वाढीन. तुम्हाला आवडतं तसं आमसुलाचं सार करीन, वरून तूप सोडीन. पण एक सांगून ठेवते, दाजी. घाटावर घाई केलीत तशी तिथं करायची नाही. मी पानासमोर बसून तुम्हाला जे जे बोलायचंय ते सगळं, आप्पांच्या देखत, मोठ्यानं बोलणार आहे. ते संपल्याशिवाय कावळा पाठवायचा नाही.